करडा थर पुराचा की बर्फाचा? पारोळ्याच्या दादांना उत्तर

राम राम दादा,

ग्रीनलंडच्या तळ्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: ‘एका ढगफुटीत आमच्या पाझर तलावात वीतभर गाळ येतो. मग तिकडच्या तळ्यात करडा थर सापडला म्हणजे बर्फाची कड तिथवर आली होती, हे कशावरून? आणि पाच-सहा हजार वर्षांपूर्वी तिथे आजच्यापेक्षा कमी बर्फ होता असं तुम्हीच म्हणता, तर आत्ताच्या वितळण्याची एवढी बोंब कशाला?’ दोन्ही प्रश्न मुद्द्याचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पुराचा गाळ. उन्हाळ्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’साठी जेसीबी लागतो, तेव्हा तलावात उभी कापलेली कड नीट बघा. एका पुराचा थर तळाशी रेताड, वर जाईल तसा बारीक आणि अगदी वर चिकणमातीचा पापुद्रा, कारण जड कण आधी बसतात. असा थर कितीही जाड असला तरी तो दोन-चार दिवसांचा. त्याच्यावर पुन्हा नेहमीचा गाळ सुरू होतो.

ग्रीनलंडमधला करडा थर तसा नसतो. तळात नळी घालून काढलेला गाळ उभा चिरला की खाली काळपट तपकिरी, लिबलिबीत, शेवाळाचे धागे असलेला भाग दिसतो. तो एका रेघेवर संपतो आणि वर गुळगुळीत करडी माती लागते. हिमनदीने खडकावर खडक घासून केलेलं हे पीठ. नमुना वाळवून 550 अंश सेल्सिअसला जाळला तर तपकिरी भागाचं वजन चांगलंच घटतं, करड्याचं जेमतेम, कारण त्यात जळण्यासारखं काही नसतंच. आणि ही करडी माती कधी कधी शेकडो वर्षं सलग साचत राहते. इतकी वर्षं कुठलीच ढगफुटी चालत नाही.

शिवाय संशोधक दिसेल ते तळं घेत नाहीत. तळं आणि बर्फ यांच्यामध्ये डोंगराची धार असावी लागते. बर्फाची कड धारेच्या अलीकडे आली की वितळलेलं पाणी तळ्यात उतरतं, पलीकडे हटली की दुसरीकडे वाहून जातं. शेताच्या बांधासारखंच हे. जवळचं, बर्फाचं पाणी कधीच न पोचणारं एखादं तळंही तपासतात. पावसाने माती धुपली असेल तर ती दोन्हीकडे दिसेल, एकाच तळ्यात दिसली तर संशय बर्फावर. अर्थात कड धारेपलीकडे गेली एवढंच तळं सांगतं, पलीकडे किती लांब गेली ते नाही. म्हणून वेगवेगळ्या अंतरांवरची अनेक तळी जोडून बघावी लागतात.

थराचं वय काढायला सरसकट गाळ वापरला तर त्यात मिसळलेल्या जुन्या कार्बनमुळे ते फुगून येऊ शकतं. त्यापेक्षा काठावरून वाहत आलेलं पान किंवा शेवाळाचा तुकडा बरा. सजीव मेला की त्यातला कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन हळूहळू घटतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, 5,730 वर्षं, त्यावरून हिशोब लागतो.

गाळावरून बर्फाची कड शोधणं ही कल्पना आजची नाही. स्वीडनच्या जेरार्ड दे गीर यांनी 1910 साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषदेत आपलं काम मांडलं, ते मला आजही थक्क करतं. बर्फापुढच्या पाण्यात उन्हाळ्यात फिकट, जाडसर थर बसतो आणि हिवाळ्यात गडद, बारीक. दोन्ही मिळून एक वर्ष. प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात खालचा थर म्हणजे बर्फ तिथून हटल्यानंतरचं पहिलं वर्ष. उत्तरेकडे जावं तसा तळ नंतरच्या वर्षापासून सुरू होतो. थरांच्या जाडीचा क्रम एका खाणीतून दुसरीत जुळवत त्यांनी बर्फ वर्षावर्षाने कसा मागे सरकला ते मोजलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, तेव्हा बर्फ कमी होता. पृथ्वीच्या आसाचा कल आणि तिची कक्षा हजारो वर्षांच्या चक्रांनी बदलतात, आणि त्या काळात उत्तरेत उन्हाळ्यात आजच्यापेक्षा जास्त ऊन पोचायचं. पुढे ते हळूहळू घटलं, बर्फ पुन्हा पुढे आला. पश्चिम ग्रीनलंडमधल्या इलुलिसाट गावाच्या आसपासच्या काही तळ्यांत हजारो वर्षांच्या खंडानंतर करडी माती पुन्हा पडली, ती अलीकडच्या शतकांतल्या ‘लहान हिमयुगा’च्या, म्हणजे थंडी वाढलेल्या काळाच्या सुमारास. त्या चक्राच्या हिशोबाने आजही बर्फ टिकायला हवा होता, पण तो मागे हटतोय. औद्योगिक काळापूर्वी हवेत दहा लाखांत सुमारे 280 भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता तो 420 च्या वर गेलाय. तेव्हा बर्फ कमी करणारं नैसर्गिक कारण आज उलट्या दिशेने ओढतंय, आणि तरीही बर्फ वितळतोय. म्हणून ही बोंब, दादा.

ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सुमारे 7 मीटरने चढेल. त्याला शतकानुशतकं लागतील हे खरं. पण पुढचे अंदाज संगणकावरच्या गणितांतून येतात, आणि ती गणितं त्या जुन्या उबदार काळातली कड बरोबर दाखवतात का, हे पडताळायला या तळ्यांचा गाळ लागतो.