संघ कोणी जमवायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला केव्हिन ड्युरंट २०१६ मध्ये ओक्लाहोमा सोडून, ज्यांच्याकडून नुकताच हरला होता त्या गोल्डन स्टेट संघात गेला. त्याची बाजू घेणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच कडक प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्या संघाकडून हरलो त्याच संघात जाऊन बसणं हा पळपुटेपणा आहे, असं तुमचं म्हणणं. शिकागोच्या मायकल जॉर्डनने हे कधीच केलं नसतं. तारे एकत्र जमवण्याची ही कीड २०१० मध्ये क्लीव्हलंड सोडून मायामीला गेलेल्या लेब्रॉन जेम्सने लावली आणि २०१६ मध्ये ड्युरंटने लीगची दोन वर्षं नासवली. अशा रिंगला (विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठीला, म्हणजे विजेतेपदाला) किंमत नाही. मी ‘खेळाडूचा हक्क’ एवढंच धरून बसलो आणि ओक्लाहोमाच्या प्रेक्षकांचं दुःख विसरलो. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की यानिसचं विजेतेपद आणि ड्युरंटची दोन विजेतेपदं मी एकाच तागडीत तोलतो का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही, तोलत नाही. डिसेंबर २०२० मध्ये यानिस अँटेटोकुंपोने मिलवॉकीशी पाच वर्षांचा करार केला, तेव्हा तो लवकरच मोठ्या शहरात जाणार असं अनेकजण गृहीत धरून होते. पुढच्याच जुलैमध्ये फायनलच्या सहाव्या सामन्यात त्याने फिनिक्सवर ५० गुण केले आणि मिलवॉकीला ५० वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं. २०११ मध्ये डर्क नोवित्स्कीच्या डॅलसने लेब्रॉन, वेड आणि बॉश यांच्या मायामीला हरवलं, तेही मला तितकंच जवळचं वाटतं. अवघड वाटेने आलेल्या यशाचा आनंद मोठा असतो, हे मी कधीच नाकारलेलं नाही.

पण विजेतेपद किती अवघड होतं हा एक प्रश्न झाला. ते मिळवणारा माणूस भेकड होता का, हा वेगळा प्रश्न आहे. तुम्ही पहिल्याचं उत्तर हातात धरून दुसऱ्याचा निकाल लावता, आणि माझा विरोध तेवढ्यालाच आहे.

आता जॉर्डन. बोस्टनच्या लॅरी बर्डला किंवा लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनला, म्हणजे आपल्या बड्या प्रतिस्पर्ध्यांना, फोन करून ‘चला, एकाच संघातून खेळू’ असं मी म्हटलं नसतं, हे तो २०१० मध्ये खरोखरच बोलला होता. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. मात्र त्या फोनची तेव्हा गरज कोणाला होती, तेही पाहा. बर्डच्या शेजारी केव्हिन मॅकहेल आणि रॉबर्ट पॅरिश होते. मॅजिकच्या शेजारी करीम अब्दुल-जब्बार आणि जेम्स वर्दी होते. त्यांचे संघ त्यांच्या मालकांनी आणि जनरल मॅनेजरांनी आधीच तारे भरून ठेवले होते. जॉर्डनलाही पहिल्या सहा हंगामांत फायनल गाठता आली नाही. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) शिकागोने सिअ‍ॅटलशी व्यवहार करून स्कॉटी पिपेनला घेतलं, त्याच ड्राफ्टमध्ये होरेस ग्रँट आला, आणि सातव्या हंगामात, १९९१ ला, पहिली रिंग आली. पुढे १९९५ मध्ये डेनिस रॉडमन आणला गेला. हे सगळं शिकागोचा जनरल मॅनेजर जेरी क्राउसने जुळवलं आणि जॉर्डनला ते आयतं मिळालं. लेब्रॉनने क्लीव्हलंडमध्ये सातच हंगाम काढले होते. त्या सात वर्षांत त्याला कोणी पिपेन आणून दिला नाही. तो गेल्यावर काय झालं? ६१ सामने जिंकणारा संघ पुढच्या हंगामात १९ वर आला, सलग २६ सामने हरला. एक माणूस किती ओझं वाहत होता, ते या आकड्यांवरून कळतं.

त्याने तो निर्णय ज्या रीतीने जाहीर केला, टीव्हीवर खास कार्यक्रम करून, ती मलाही अजिबात आवडली नव्हती. क्लीव्हलंडच्या लोकांना ते असं कळायला नको होतं. पण रीत चुकली म्हणून जाणंच चुकलं, असं होत नाही.

जॉर्डनच्या काळाबद्दल बोलताना एक गोष्ट नेहमी राहून जाते, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती आहे पगाराची. १९९७-९८ च्या हंगामात जॉर्डनला सुमारे ३.३ कोटी डॉलर मिळाले. त्या वर्षी एका अख्ख्या संघाची सॅलरी कॅप, म्हणजे एकूण पगाराची मर्यादा, सुमारे २.७ कोटी होती. म्हणजे एकट्याचा पगार पूर्ण संघाच्या मर्यादेपेक्षा जास्त. स्वतःच्या जुन्या खेळाडूला कॅप ओलांडून पैसे देण्याची सवलत संघांना होती, म्हणून हे शक्य झालं. १९९८-९९ च्या टाळेबंदीनंतर मालकांनी एकेका खेळाडूच्या पगारावरच कमाल मर्यादा आणली. खेळाडू लीगमध्ये किती वर्षं आहे त्यानुसार कॅपच्या २५, ३० किंवा फार तर ३५ टक्के. याचा परिणाम डोळ्यासमोर आणा. लीगमधला सर्वोत्तम खेळाडू आणि विसाव्या क्रमांकाचा खेळाडू जवळजवळ सारखाच पगार घेऊ लागले. लेब्रॉनला बाजारात त्याची खरी किंमत कोणी देऊच शकत नव्हतं, कारण नियमच तसा होता. आणि सगळे संघ तेवढेच पैसे देणार असतील, तर खेळाडू निवड कशावरून करणार? जिंकण्याची शक्यता, सोबतचे खेळाडू, शहर, प्रशिक्षक यांवरूनच करणार. मायामीत तर लेब्रॉन, वेड आणि बॉश या तिघांनीही मिळू शकणाऱ्या कमाल रकमेपेक्षा कमी घेतलं. ही मर्यादा नसती तर २०१० मध्ये तीन बडे तारे एका कॅपखाली मावलेच नसते. सुपरटीमचं, म्हणजे तारे एकत्र जमवलेल्या संघाचं, दार मालकांनीच पैसे वाचवण्यासाठी उघडलं. खेळाडू त्यातून आत गेले, तर राग त्यांच्यावर का?

२०१६ चीही गोष्ट अशीच आहे. नवा टीव्ही करार लागू झाला आणि कॅप एका वर्षात ७ कोटी डॉलरवरून ९.४ कोटींवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने व्हावी असा लीगचा प्रस्ताव होता, खेळाडूंच्या संघटनेने तो नाकारला. (इथे संघटनेचा निर्णय दूरदृष्टीचा नव्हता, असं माझं मत आहे.) त्यातच गोल्डन स्टेटचा स्टेफ करी घोट्याच्या दुखापतींच्या काळात, २०१२ मध्ये, चार वर्षांसाठी ४.४ कोटींवर सही करून बसला होता. दोनदा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झालेला खेळाडू वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास! ही दोन कारणं एकत्र आली म्हणूनच ७३ सामने जिंकणाऱ्या गोल्डन स्टेटला ड्युरंट परवडला, तोही हॅरिसन बार्न्स आणि अँड्र्यू बोगट यांना सोडून. असा योग पुन्हा जुळून आलेला नाही. त्याला ‘ड्युरंटने लावलेली कीड’ म्हणणं म्हणजे कॅपचा सगळा हिशोब एका माणसाच्या स्वभावावर ढकलणं आहे.

आणि ओक्लाहोमा. तुमच्या प्रतिक्रियेतला हा भाग मनापासून लिहिलेला आहे, म्हणून इथे जरा थांबतो. २०१२ मध्ये ओक्लाहोमाकडे ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन होते. तिघेही ड्राफ्टमधून आलेले, तिघेही पंचविशीच्या आतले, आणि त्या वर्षी त्यांनी फायनल गाठली. पुढे हे तिघेही वेगवेगळ्या वर्षी एमव्हीपी झाले. कोणाला फोन न करता, कोणालाही न पळवता घडलेला तो संघ होता. तुम्हाला हवी तशीच सुपरटीम! ती मोडली कोणी? हार्डनच्या नव्या कराराच्या रकमेवर एकमत होईना, तेव्हा नवा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर व्यवस्थापनाने त्याला ह्यूस्टनला पाठवून दिलं. ड्युरंट त्यानंतर आणखी चार हंगाम तिथेच खेळला. २०१६ मध्ये गोल्डन स्टेटविरुद्धच्या मालिकेत ३-१ अशी आघाडी हातातून गेली, आणि जूनमध्ये सहकारी सर्ज इबाकाचाही ट्रेड झाला (संघाने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं). त्यानंतर त्याने निर्णय घेतला. नऊ हंगाम एकाच संघाला देऊन, करार पूर्ण करून, तो गेला.

तो नेमका गोल्डन स्टेटलाच गेला, हे प्रेक्षक म्हणून मलाही रुचलं नाही. बोस्टनही त्याच्यासाठी प्रयत्न करत होतं, तिकडे गेला असता तर मला जास्त आवडलं असतं. २०१७ च्या प्लेऑफमध्ये (हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत) गोल्डन स्टेट १६-१ असं जिंकलं, आणि पहाटे अलार्म लावून उठणाऱ्या आपल्यासारख्यांना बहुतेक सामन्यांचा निकाल आधीच माहीत असल्यासारखं वाटायचं. तुमची ही तक्रार मला मान्य आहे. पण मला काय आवडलं असतं यावर ड्युरंटचं चारित्र्य ठरत नाही.

तुम्ही निष्ठेबद्दल बोलता. निष्ठा मलाही फार मोलाची वाटते, म्हणूनच ती एकतर्फी मागितलेली मला सहन होत नाही. २०१७ मध्ये बोस्टनच्या पहिल्या प्लेऑफ सामन्याच्या आदल्या दिवशी आयझेया थॉमसची बहीण अपघातात गेली. तो दुसऱ्या दिवशी बोस्टनसाठी कोर्टवर उतरला. पुढे बहिणीच्या वाढदिवशी वॉशिंग्टनविरुद्ध ५३ गुण केले, दुखऱ्या कंबरेने खेळत राहिला. ऑगस्टमध्ये त्याचा क्लीव्हलंडला ट्रेड झाला. डेमार डेरोझन नऊ हंगाम टोरांटोचा होता. २०१६ मध्ये फ्री एजंट (करार संपून कुठेही जायला मोकळा) असूनही तिथेच राहिला. २०१८ मध्ये त्याला सॅन अँटोनियोला पाठवून क्वाय लेनर्डला आणलं, आणि पुढच्याच वर्षी टोरांटो विजेता झाला. त्या रिंगला किंमत नाही असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लुका डॉन्चिचला डॅलसने एका रात्रीत लेकर्सकडे पाठवलं, त्याला आधी कल्पनासुद्धा नव्हती. हे सगळं ‘बिझनेस’ म्हणून चालतं. २००७ मध्ये बोस्टनच्या व्यवस्थापनातल्या डॅनी एंजने पॉल पीअर्सच्या जोडीला केव्हिन गार्नेट आणि रे अ‍ॅलन आणले आणि २४ विजयांवरचा संघ ६६ वर गेला, विजेताही झाला. एंजची हुशारी म्हणून आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन तारे तेवढेच, रिंग तेवढीच. मायामीत फरक एवढाच होता की बेत खेळाडूंनी केला.

हा बेत करण्याचा हक्क कुठून आला, तेही सांगतो. पूर्वी करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबच्या ताब्यात राहायचा. ऑस्कर रॉबर्टसन खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. १९७० मध्ये त्याच्या नावाने लीगविरुद्ध खटला दाखल झाला. तडजोड व्हायला १९७६ उजाडलं, तोवर तो निवृत्त झाला होता. खऱ्या अर्थाने बंधनमुक्त फ्री एजन्सी आली १९८८ मध्ये. आणि योगायोग बघा, सिनसिनाटीत दहा हंगाम काढूनही रॉबर्टसनला रिंग मिळाली नव्हती. १९७० मध्येच त्याचा मिलवॉकीला ट्रेड झाला, तिथे तरुण करीम होता, आणि १९७१ ला दोघे विजेते झाले. यानिसच्या आधीचं मिलवॉकीचं एकमेव विजेतेपद ते हेच. रॉबर्टसनची ती रिंग उसनी आहे, असं तुम्हीही म्हणणार नाही.

लीग नासली, या मुद्द्यावर जास्त लिहीत नाही, कारण निकाल समोर आहेत. कार्ल मालोन आणि गॅरी पेटन या ताऱ्यांना घेऊन २००४ चे लेकर्स डेट्रॉइटकडून १-४ असे हरले. ब्रुकलिनमध्ये ड्युरंट, कायरी अर्विंग आणि हार्डन हे तिघे एकत्र फक्त १६ सामने खेळू शकले. फिनिक्सने ड्युरंट, बुकर, बील असे तिघे जमवले आणि २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत ०-४ असा मार खाल्ला. तारे जमवले की बेंच (राखीव खेळाडू) आणि भविष्यातले ड्राफ्ट पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) जातात, ही किंमत सगळ्यांनाच मोजावी लागते. उलट २०२३, २०२४, २०२५ ला डेन्व्हर, बोस्टन आणि ओक्लाहोमा असे तीन वेगळे विजेते झाले.

त्यातलं ओक्लाहोमा तर तुमच्या तक्रारीतलंच. २०१९ मध्ये क्वाय लेनर्ड आणि पॉल जॉर्ज यांनी क्लिपर्सकडून एकत्र खेळायचं ठरवलं, तीही खेळाडूंनीच जमवलेली जोडी. जॉर्जच्या बदल्यात ओक्लाहोमाला शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पाच पहिल्या फेरीचे पिक मिळाले. त्यातल्याच एका पिकवर जेलन विल्यम्स आला. २०२५ ला विजेतेपद त्यांच्याकडे आलं, क्लिपर्सना अजून फायनलसुद्धा गाठता आलेली नाही.

ओक्लाहोमाच्या प्रेक्षकांनी ड्युरंटची हुर्यो उडवली, तर त्यांचा राग मी खोटा ठरवणार नाही. माणूस जीव लावतो, त्याला दुखतं. मात्र तो संघ २००८ पर्यंत सिअ‍ॅटलचा होता. ४१ वर्षं तिथे खेळलेला, १९७९ ला विजेता झालेला. मालकांनी तो उचलून ओक्लाहोमाला नेला, आणि सिअ‍ॅटलमध्ये रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झालेला एक एकोणीस वर्षांचा मुलगा न विचारताच त्याच्याबरोबर गेला. तो मुलगा म्हणजे ड्युरंट. शहर सोडणं ही गद्दारी असेल, तर यादी तिथून सुरू करावी लागेल.

तुमच्या पुढच्या प्रतिक्रियेची वाट पाहतोय. हार्डनच्या ट्रेडबद्दल तुमचं मत काय, ते या वेळच्या प्रतिक्रियेत कुठेच नव्हतं. तेवढं नक्की लिहा.