दारात शेवगा असणाऱ्यांसाठी

हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस एकवेळ परवडला, शेवग्याच्या झाडावर चढलेला नाही. मनगटाएवढी फांदीसुद्धा न सांगता काडकन मोडते. शेंगा खाली उभं राहून आकडीनंच काढाव्यात. त्याहून बरं म्हणजे झाडाला डोक्यावर चढू देऊ नये: रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडायचा, बहर संपला की खोड तीन फुटांवर छाटायचं. छाटणीला कुऱ्हाड काढली की शेजारी हळहळतात, "अवो, चांगलं झाड कशाला तोडता?" छाटलं नाही तर पुढच्या वर्षी तेच आकडी मागायला येतात.

पाण्याचं गणित तर उलटंच. सोलापूरच्या उन्हात आपण वितळतो, शेवगा मजेत असतो. दया येऊन बादल्या ओतल्या की फुलं गळतात. आपल्या काळ्या मातीत पावसाचं पाणी साचलं तर मूळच कुजतं. म्हणून रोप उंचवट्यावर लावावं.

पावसाळ्यात केसाळ सुरवंट येतात. दिवसा खोडाला घोंगडीसारखे चिकटून झोपतात, रात्री वर जाऊन पाला फस्त करतात. त्यांना दिवसाच गाठावं, पण लांब काठीनं आणि साबणाच्या पाण्याची बादली खाली ठेवून. हात लागला तर पुढचे दोन दिवस खाजवण्यात जातात.

भाजीला पाला हवा म्हणणाऱ्यानं तो निवडायलाही बसावं, असा माझा कायदा आहे. एकेक पान खुडत बसलात तर दुपारची भाजी रात्री होते. डहाळ्या रात्री पातळ धोतरात गुंडाळून ठेवाव्यात आणि सकाळी झटकाव्यात, पानं आपोआप गळतात. सोलापुरी चादर मात्र वापरू नये. विणीत अडकलेली पानं दिवाळीपर्यंत निघत राहतात.

शेंग पिळून बघावी. लवली तर आमटीत, लाकडासारखी ताठ राहिली तर बियाण्याला. साल ओढून तीन इंचांचे तुकडे करावेत आणि मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उघड्यावर शिजवावेत. कुकर लावणाऱ्याला आमटीत नुसत्या दोऱ्या मिळतात. दाण्याचं कूट शेवटी घालावं.

वाढताना ताटाशेजारी रिकामी वाटी हवीच. ती नसली की पाहुणा चोथा कडक भाकरीच्या तुकड्याखाली दडवतो, आणि भाकरी तशीच राहिलेली बघून काकूंना वाटतं, आमटी कमी पडली. त्या आणखी चार शेंगा वाढतात.