माझी ‘घरवापसी’ झालेली नाही

मी मंडळी, म्हणजे चर्च, सोडली हे नगरकडच्या बहुतेक नातेवाइकांना आता कळलंय, तेव्हा सरळच लिहिते. मी ख्रिस्ती राहिलेली नाही. लाओत्सू आणि च्वांगत्सू या प्राचीन चिनी विचारवंतांच्या ताओ विचारावर, म्हणजे सृष्टी ज्या ‘मार्गा’ने आपोआप चालते त्यावर, माझी श्रद्धा बसली आहे. चर्चमध्ये मला कुणी दुखावलं नाही, की कुणी भुलवलंही नाही.

विरोध होणार हे गृहीत धरलं होतं. लागलं ते अभिनंदन. काहीजण म्हणाले, ‘बरं झालं, मूळ घरी आलीस.’ माझं मूळ घर म्हणजे पणजोबांचं बायबल आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं. अमेरिकन मिशन १८३१ साली नगरला आलं, पाच-सहा पिढ्या झाल्या, अजून आम्हाला मूळ घर दुसरेच लोक दाखवतात! टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ साली मिशनची चौकट सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. ख्रिस्त मात्र त्यांनी कधी सोडला नाही. मी सोडला. त्यामुळे त्यांच्या नावाचा आधार मी घेणार नाही, पण त्यांना परकंही मानणार नाही.

‘ताओ म्हणजे आपलं अद्वैतच की’ असंही ऐकवतात. चीनमध्ये आणि तैवानात ताओ धर्माची स्वतःची देवळं आहेत, पुरोहित आहेत, देवदेवता आहेत. माझा ताओ पुस्तकातून आलेला, तो त्या परंपरेच्या तोडीचा नाही. पण म्हणून तो अद्वैतात कोंबायचा का?

कारण सगळे विचारतात. आई आजारी होती तेव्हा प्रार्थनेला येणारी माणसं मनापासून सांगायची की यात प्रभूची योजना आहे. मला ती योजना सहन होईना. ‘ताओ ते चिंग’च्या पाचव्या प्रकरणात लाओत्सू म्हणतो की आकाश आणि पृथ्वी दयाळू नाहीत, सगळ्या गोष्टी त्यांना गवताच्या कुत्र्यांसारख्या. विधीपुरते सजवायचे आणि मग टाकून द्यायचे, असे ते कुत्रे. आत्याला हे वाक्य क्रूर वाटतं. मला त्यातून सुटका मिळाली. आईचं दुखणं ही शिक्षा नव्हती, परीक्षा नव्हती, कुणी तिला हेरून पाठवलेलं नव्हतं.

आमच्या पाळकसाहेबांनी यावर बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय काढला. तिथेही देव दुःखाचं कारण देत नाही, उलट पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास असं विचारतो. मी म्हटलं, साहेब, पण तो वादळातून येतो, बोलतो. ताओ येत नाही. ते म्हणाले, ‘हो, फरक इथेच आहे.’ मतं कुणाचीच बदलली नाहीत, तरी इतकं खरं बोलणं माझं कुठल्याच प्रार्थनासभेत झालं नव्हतं.

मला अशीच चर्चा हवी आहे. च्वांगत्सू विचारतो, वादात तू मला हरवलंस म्हणून तू बरोबर ठरलास का? निवाडा करायला बोलवायचं कुणाला? तुझ्या मताच्याला, की माझ्या मताच्याला? आणि हाच माणूस आपल्या हुएत्सू नावाच्या मित्राशी जन्मभर वाद घालत राहिला. पुलावर उभं राहून माशांचा आनंद तुला कसा कळतो यावर दोघं भांडले. हुएत्सू गेल्यावर मात्र तो म्हणाला, आता बोलायला कुणी उरलं नाही. भला माणूस वाद घालत नाही, असं लाओत्सू शेवटच्या प्रकरणात म्हणतो. मला तिथे च्वांगत्सू जवळचा वाटतो.

म्हणून कुणी ‘तुझ्यासाठी प्रार्थना करतो’ म्हणालं तर मी मनापासून आभार मानते. मात्र मला परत आणण्यासाठीच बोलायचं असेल, किंवा येशूला नावं ठेवायला माझी साक्ष हवी असेल, तर मी त्या बोलण्यात नाही.

आत्या मात्र हटत नाही. परवा तिने विचारलं, ‘मंडळीत नाव नाही, मग तुझी माती कुठे करायची?’ मी तिला च्वांगत्सूची गोष्ट सांगितली. शिष्य थाटामाटात पुरायला निघाले तेव्हा तो म्हणाला, आकाश आणि पृथ्वी हीच माझी शवपेटी. वर ठेवलं तर कावळे खातील, खाली पुरलं तर मुंग्या. एकाच्या तोंडचं काढून दुसऱ्याला कशाला द्यायचं?

आत्या म्हणाली, ‘त्याचं ठीक आहे गं. पण तुझ्या पोरांना फूल ठेवायला जागा नको का?’

या मुद्द्यावर मला आत्याचं पटतं.