एचआरला टर्मिनेट करा!

रात्री साडेअकराला प्रोग्रामने एक्सएमएल, म्हणजे टॅगांमध्ये बांधलेला डेटा, वाचायला नकार दिला, तर एक पथ्य पाळा: वायरवरून नेमके कोणते बाइट आले, ते चुकूनही बघू नका. बघितलं की दोष सापडतो, आणि मग उद्याच्या मीटिंगला काय करायचं?

एरर ओळ १, कॉलम १ ची असेल तर फाइल एडिटरमध्ये उघडा. सगळं स्वच्छ दिसेल. सुरुवातीला दडून बसलेले बीओएम या एन्कोडिंगच्या खुणेचे तीन बाइट बहुतेक एडिटर दाखवत नाहीत. दिसत नाहीत म्हणजे नाहीतच. एक्सएमएल वाचणाऱ्या पार्सरची आवृत्ती बदलून टाका.

‘एचआर’ मस्ट बी टर्मिनेटेड असा संदेश आला, तर आनंद आवरा. तुमच्या एक्सएमएलमध्ये असा टॅगच नाही, हे खरंय. निरोप इकडून तिकडे नेणाऱ्या मधल्या प्रॉक्सीने ५०२ या एररचं एचटीएमएल पान पाठवलंय आणि त्यातली आडवी रेघ, म्हणजेच ‘एचआर’ टॅग, कुणी बंद केलेली नाही. पण स्टेटस कोड तपासायचा कमीपणा कोण घेणार? आपण पार्सरलाच पुन्हा पुन्हा तेच पान चारायचं.

टेस्टिंग नेहमी इंग्रजी नावांवर करावं. निरोपाची लांबी सांगणाऱ्या कन्टेन्ट-लेंग्थमध्ये बाइटऐवजी अक्षरं मोजली तरी तिथे कुठे बिघडतं? मग एक दिवस ग्राहक ‘ज्ञानेश्वर’ येतात. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजून दहा अक्षरं, यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये तीस बाइट. शेवटचे वीस बाइट दाराबाहेरच राहतात, आणि त्यांतच तो बंद करणारा टॅग असतो. खापर मराठीवर फोडा, सोपं पडतं.

नेटवर्कवरून आलेले बाइट उचलणारं रिसीव्ह फंक्शन एकदाच बोलवा. लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनच्या आत, अख्खा निरोप एका दमात येतो की! लिनक्सवर तिथल्या पॅकेटची मर्यादा ६५,५३६ बाइट, बाहेर इथरनेटवर १,५००. तुकड्यातुकड्याने आलं तर ‘माझ्या मशीनवर चालतं’ म्हणा आणि नेटवर्कवाल्यांना तिकीट टाका. नेटवर्कवर डेटा वाहून नेणारं टीसीपी बाइटांचा ओघ पोचवतं, निरोप कुठे संपला ते सांगत नाही. पण हे त्यांना कशाला आठवू द्यायचं?

‘पाटील & सन्स’मधल्या सुट्या & वर पार्सर अडला, तर रेगेक्सने, म्हणजे नमुना शोधून बदलणाऱ्या सूत्राने, तो & उडवा. एक्सएमएलच्या १९९८ च्या नियमानुसार अशा चुकीला माफी नसते, म्हणून माफी आपण द्यायची. ग्राहकाचं बिल ‘पाटील सन्स’ नावाने जाईल, एवढंच.

एवढ्यात एखादी नवी मुलगी वायरवरचे बाइट दाखवणारं टीसीपीडम्प लावून दहा मिनिटांत दोष दाखवेल. तिचं कौतुक करा आणि तिला डॉक्युमेंटेशनवर टाका.