सेन्सरचा कपलर काढल्याने थंड इंजिन दुरुस्त होत नाही

सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर थरथरणाऱ्या, मिसिंग करणाऱ्या गाड्यांसाठी एक संदेश सध्या जोरात फिरतो आहे. मेकॅनिककडे जाण्याची गरज नाही, असे सांगून त्यात चार उपाय दिले आहेत: कूलंट टेम्परेचर सेन्सरचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, म्हणजे कूलंटचे, तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा) कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढून ठेवा, निघण्यापूर्वी दहा मिनिटे रेस देऊन इंजिन गरम करा, चारही स्पार्क प्लग बदला आणि टाकीत क्लीनरची बाटली ओता. गाडी पेट्रोलची की डिझेलची, एवढेही संदेशात विचारलेले नाही. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतात. माझ्या मावसभावाने यातला पहिला उपाय करून गाडी बरी झाल्याचे मला कळवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढेल तसा विद्युतरोध कमी होत जाणारा थर्मिस्टर असतो. बहुतेक गाड्यांत तो २० अंश सेल्सिअसला साधारण दोन ते तीन हजार ओहम दाखवतो आणि इंजिन पूर्ण तापल्यावर काहीशे ओहमवर येतो. त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, किती पेट्रोल सोडायचे ते ठरवतो. कपलर काढला की सर्किट उघडे पडते आणि ईसीयूला तापमान उणे ४० अंशांच्या आसपास असल्यासारखे दिसते. बहुतेक ईसीयू हा बिघाड ओळखतात, चेक इंजिनचा दिवा लावतात, पी०११८ हा बिघाडाचा कोड नोंदवतात, एखादे ठरावीक तापमान गृहीत धरून काम चालवतात आणि अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा सतत फिरत ठेवतात.

थरथर कमी होऊ शकते, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागेल. मूळ दोष मिश्रणात पेट्रोल कमी पडण्याचा असेल आणि कपलर काढल्यावर ईसीयू जास्त पेट्रोल सोडू लागला, तर इंजिन शांत वाटते. पण दोष तसाच राहतो, आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढते, झिरपून इंजिन ऑइल पातळ करते आणि उरलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळते, ज्याने त्याच्या आतली जाळी वितळू शकते. त्याहून गंभीर बाब अशी की अनेक गाड्यांत डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा किंवा इशारा याच सेन्सरवर चालतो. सकाळच्या पहिल्या एक-दोन मिनिटांची थरथर हेड गॅस्केटमधून (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलमधून) रात्रभर सिलिंडरमध्ये झिरपलेल्या कूलंटमुळेही होते. असे इंजिन कधीही प्रमाणाबाहेर तापू शकते, आणि नेमके तेव्हाच चालकाला सावध करणारे साधन या संदेशाने काढून टाकायला लावले आहे.

दहा मिनिटे रेस देण्याचा सल्ला कार्ब्युरेटर आणि चोकच्या काळातला आहे, आणि तेव्हाही थंड इंजिनाला जोरात रेस देणे बरोबर नव्हते. थंडीतल्या इंधनबचतीविषयी अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिलेले मार्गदर्शन स्पष्ट आहे: बहुतेक उत्पादक सुमारे ३० सेकंदांनंतर सावकाश निघण्याची शिफारस करतात, कारण उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीचे इंजिन लवकर तापते. शिवाय इंजिन तापल्यावर थरथर जाते, हे तर दोषाचे लक्षण आहे. त्यालाच उपाय म्हणण्यात अर्थ नाही.

झिजलेले प्लग थंडीत आधी त्रास देतात, एवढे खरे आहे. पण चारही फेकण्याआधी ते काढून पाहावेत. एकच प्लग काळा आणि ओला निघाला, तर दोष त्या सिलिंडरचा आहे. पहिल्या सिलिंडरच्या मिसफायरचा (ठिणगी किंवा ज्वलन चुकण्याचा) पी०३०१ कोड असेल, तर त्याची कॉइल, म्हणजे प्लगला उच्च दाबाची वीज देणारा भाग, दुसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरवर लावून पाहावी. कोड पी०३०२ झाला, तर कॉइलच खराब आहे. क्लीनरविषयी इतकेच, की डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते, ते इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) मागच्या बाजूला लागतच नाही, त्यामुळे तिथला कार्बन टाकीतल्या बाटलीने निघत नाही.

खरा तपास गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सुरू करण्यापूर्वी करावा. ईसीयूतले आकडे आणि कोड वाचणारा स्कॅनर जोडून, फक्त इग्निशन चालू करून कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचावे. दोन्ही जवळपास सारखी हवीत. हवा २२ अंश आणि कूलंट ६० अंश दिसत असेल, तर सेन्सर चुकीचे सांगतो आहे, ईसीयू थंड इंजिनाला तापलेल्या इंजिनाइतकेच पेट्रोल देतो आहे, आणि तो सेन्सर बदलायला हवा. आकडे जुळले, तर व्हॅक्यूमचे रबरी होज (इंजिनाच्या हवेच्या मार्गाला जोडलेल्या नळ्या) तपासावेत, विशेषतः वळणाच्या जागी बोटांनी हलके वाकवून. कडक झालेल्या रबराची भेग थंडीत उघडते आणि ताप लागला की मिटते, म्हणून तापलेल्या गाडीत ती सापडत नाही. स्टार्टर मारण्याआधी दोन-तीनदा इग्निशन चालू-बंद केल्यावर गाडी नीट सुरू होत असेल, तर इंधनाचा दाब रात्रीतून उतरतो आहे, असा संशय घ्यावा. पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल आणि कूलंटची पातळी घटत असेल, तर गाडी चालवू नये.

ज्यांनी कपलर आधीच काढला आहे, त्यांनी इंजिन बंद आणि थंड असताना तो परत बसवावा आणि डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहावी. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल, तर आधी तेल बदलावे, मगच कोड पुसून पुढचा तपास सुरू करावा.