‘एकच फॅट जार करा, कटकट संपली’ हे खरं नाही

जावाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरबद्दल एक सल्ला सध्या फार फिरतो आहे. इअर फाइल (अनेक भागांचं एकत्र गाठोडं), वॉर फाइल (एका वेब अॅप्लिकेशनचं गाठोडं), त्या चालवणारा अॅप्लिकेशन सर्व्हर ही सगळी जुनी कटकट होती. आता आपला कोड आणि सगळ्या लायब्ररी एका फॅट जारमध्ये, म्हणजे जावाच्या कोडच्या एकाच मोठ्या फाइलीत, घाला, ‘जावा -जार’ म्हणा, की जोडणीचे प्रश्न मिटले. मुलाखतीला येणारी मुलंमुली हे पाठ करून येतात. मी स्वतः रोज फॅट जारच डिप्लॉय करतो, आणि तरीही हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

‘व्हर्जनची भांडणं संपतात.’ नाही संपत. दोन लायब्ररींना तिसऱ्या एकीची वेगवेगळी व्हर्जन हवी असतील, तर मेवन हे बिल्ड टूल डिपेंडन्सीच्या झाडात (कोणाला कोणती लायब्ररी लागते त्या साखळीत) मुळाच्या, म्हणजे आपल्या प्रोजेक्टच्या, जवळची निवडतं, मग ती जुनी का असेना. बिल्ड सुरळीत होतो आणि प्रॉडक्शनमध्ये ‘नो सच मेथड एरर’ येते, म्हणजे हवी ती मेथड त्या व्हर्जनमध्ये नसतेच.

त्यात ‘फॅट जार’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी खपतात. मेवनचं शेड प्लगिन सगळ्या जार उकलून त्यांतल्या फाइली एका ढिगात ओततं. स्प्रिंग बूट (जावाचं एक फ्रेमवर्क) मात्र प्रत्येक जार अखंड ठेवतो, ‘बूट-इन्फ/लिब’मध्ये, आणि त्याचा स्वतःचा लाँचर जारमधल्या जार वाचतो. फरक किती महागात पडतो ते आम्ही भोगलं आहे. एका कामात दोन वेगळे डेटाबेस होते. जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) आपली ओळख ‘मेटा-इन्फ/सर्व्हिसेस’मधल्या एका ठरावीक नावाच्या फाइलीत लिहून ठेवतो. शेड करताना दोन ड्रायव्हरांच्या त्या एकाच नावाच्या फाइलींपैकी एकच उरली. आयडीईत (कोड लिहायच्या टूलमध्ये) सगळं चाले, कारण तिथे जार सुट्ट्या होत्या. सर्व्हरवर ‘नो सुटेबल ड्रायव्हर’. त्या फाइली एकत्र करणारा ट्रान्सफॉर्मर शेडमध्ये आहे, पण तो आपण सांगितल्याशिवाय लागत नाही. अख्खा दिवस गेला होता त्यात.

‘इअर म्हणजे नुसती झिप.’ जारसुद्धा झिपच आहे. प्रश्न आत काय कुठे ठेवायचं या कराराचा आहे. सामायिक लायब्ररींसाठी इअरच्या आत ‘लिब’ फोल्डर ही सोय जावा ईई (सर्व्हरवरच्या जावाचं प्रमाण) याच्या ५ व्या आवृत्तीने 2006 मध्ये दिली. प्रत्येक वॉरला सहसा स्वतःचा क्लासलोडर (क्लास शोधून मेमरीत आणणारा भाग) मिळतो, म्हणून एकाच इअरमधल्या दोन वॉर आपापल्या ‘वेब-इन्फ/लिब’मध्ये एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन ठेवून शेजारी चालू शकतात. सपाट क्लासपाथवर, म्हणजे सगळे क्लास एकाच यादीतून शोधले जातात तिथे, हे जमवायचं तर पॅकेजची नावंच बदलावी लागतात.

इअरबद्दल तक्रार करणाऱ्यांचं इथे एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. ‘लिब’ येण्याआधी मॅनिफेस्टमध्ये (जारमधल्या माहितीच्या फाइलीत) ‘क्लास-पाथ’ची ओळ लिहावी लागे, आणि त्यात एखाद्या जारचं नाव चुकलं तर जावा गप्प बसे, चूक कळायची ती क्लास सापडला नाही तेव्हा. आजही एकच जार इअरच्या ‘लिब’मध्ये आणि वॉरमध्येही ठेवली, आणि वॉरचा लोडर आधी स्वतःची प्रत उचलत असेल, तर एकाच नावाचे दोन क्लास तयार होतात. मग ‘कस्टमरचं कस्टमरमध्ये कास्टिंग होत नाही’ असा एरर समोर येतो. पहिल्यांदा पाहणारा माणूस हादरतो. उपाय साधा आहे: जार एकाच ठिकाणी ठेवा, आणि वॉरच्या पॉममध्ये (मेवनच्या सेटिंगच्या फाइलीत) तिला ‘प्रोव्हायडेड’, म्हणजे बाहेरून मिळणारी, करा.

‘ईजेबी (सर्व्हर सांभाळतो ते बिझनेस लॉजिकचे घटक) आलं की इअर आलीच.’ हे डिसेंबर 2009 पासून खरं नाही. जावा ईई ६ मध्ये ईजेबी थेट वॉरमध्ये ठेवता येऊ लागले. त्याच आवृत्तीने ‘जावा:ग्लोबल’, ‘जावा:अॅप’ आणि ‘जावा:मॉड्यूल’ ही जेएनडीआय नावं (सर्व्हरवरचा घटक नावाने शोधायची पद्धत) प्रमाणित केली. त्याआधी सर्व्हर बदलला की लुकअपचं नाव बदलायचं.

‘एकच जार असली की अपडेट सोपं.’ डिसेंबर 2021 आठवा. लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली लॉगफोरशेल ही सुरक्षेतली चूक उघड झाली आणि लॉगफोरजेच्या 2.15.0, 2.16.0, 2.17.0 अशा आवृत्त्या त्या एकाच महिन्यात आल्या. ज्यांच्याकडे वीस सर्व्हिसच्या वीस फॅट जार होत्या, त्यांना प्रत्येक वेळी वीसही पुन्हा बांधाव्या लागल्या, आणि शोध घेणाऱ्या टूलला जारमधली जार उघडता येते का, हे आधी पाहावं लागलं. लायब्ररी सर्व्हरच्या सामायिक जागेत असेल तर ती एकदा बदलून भागत होतं. ‘वेब-इन्फ/लिब’मध्ये असेल तर तिथेही तेवढीच मेहनत होती.

कंटेनरच्या काळात अजून एक गोष्ट लक्षात आली. आपला कोड बदलतो काही किलोबाइट, आणि डॉकरच्या (कंटेनर बांधणाऱ्या टूलच्या) इमेजच्या थरात जाते अख्खी जार. म्हणून मे 2020 मधल्या स्प्रिंग बूट 2.3 ने त्याच जारचे थर पाडायची सोय दिली: लायब्ररी एका थरात, आपला कोड दुसऱ्यात. सामायिक काय आणि आपलं काय, हा इअरमधला जुना प्रश्न तिथे पुन्हा सोडवावा लागतो.