अंगठा दिला म्हणजे शब्द दिला

काकांची केळीची बाग रावेर तालुक्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "ठरल्या भावानं गुरुवारी कापणी, नक्की ना?" उत्तरात नुसता अंगठा आला. दोन दिवसांत भाव पडला आणि गुरुवारी ना मजूर आले, ना गाडी. व्यापारी म्हणाला, "मेसेज पाहिला, एवढंच सांगितलं होतं."

घड झाडावरच पिकायला लागला की लांबच्या गाडीत चढत नाही. काकांनी माल जवळच मिळेल त्या भावात दिला. गावात लोक हसले, "अंगठा दाखवला ना भो त्यानं!" मला हसू आलं नाही.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात अगदी हेच कोर्टात गेलं होतं, फक्त तिथं अंगठा शेतकऱ्याचा होता. २०२१ मध्ये धान्य कंपनीनं जवसाच्या सौद्याचा सही केलेला कागद फोटो काढून पाठवला, "कन्फर्म करा." शेतकऱ्यानं अंगठा पाठवला. पुढं जवसाचा भाव वाढला आणि त्यानं माल दिलाच नाही. बचाव हाच, की कागद मिळाला एवढंच म्हणायचं होतं. कोर्टानं त्यांचे जुने मेसेज तपासले. आधीच्या सौद्यांत तो नुसतं "ओके", "यप" लिहायचा आणि माल पोचवायचा. मग हा अंगठाही होकारच. २०२३ मध्ये त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले.

अमेरिकेत व्हर्जिनियात तर दारूच्या बैठकीत हॉटेलच्या बिलामागे लिहून ५० हजार डॉलरला शेत विकलं गेलं. विकणारा म्हणाला, गंमत केली. १९५४ मध्ये कोर्टानं सौदा पक्का धरला. मनात काय होतं ते नाही, समोरच्या शहाण्या माणसाला काय समजलं ते बघितलं.

आपला करार कायदा १८७२ चा, पण शब्दांवाचून दिलेलं वचनही त्यात बसतं, आणि मोबाईलवरचा सौदा केवळ मोबाईलवर झाला म्हणून बाद होत नाही, हे आयटी कायद्यात लिहिलंय. आमच्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर शाईचा अंगठा उठवला, तेव्हा "नुसतं पाहिलं" म्हणायची सोय त्यांना नव्हती. मग व्यापाऱ्याला का असावी?

म्हणून चॅट डिलीट करू नका. काका आता भाव, वजन, कापणीची तारीख सगळं लिहून पाठवतात. परवा उत्तरात पुन्हा अंगठाच आला. त्यांनी लगेच फोन लावला, "भाऊ, 'हो' लिहा. मग मजूर सांगतो."